यकृतात राग, फुप्फुसांत दुःख? चिनी वैद्यकातलं ऋतू आणि मनाचं नातं

मोबाइलवर एक तक्ता सारखा फिरत असतो. एका बाजूला पाच अवयव, दुसऱ्या बाजूला पाच भावना: यकृतात राग, हृदयात आनंद, प्लीहेत चिंता, फुप्फुसांत दुःख, मूत्रपिंडांत भीती. खाली एखादा चहा, एखादा व्यायाम आणि ‘प्राचीन चिनी ज्ञान’ असा शेरा. तो वाचून कुणी यकृताच्या तपासण्या करून घ्यायचं ठरवतं, तर कुणी सगळंच थोतांड म्हणून पुढे सरकतं.

गोंधळात भर पडली ती जागतिक आरोग्य संघटनेच्या एका निर्णयाने. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या सव्विसाव्या प्रकरणात चीन, जपान, कोरियातल्या पारंपरिक वैद्यकाच्या निदानांना क्रमांक मिळाले. २०२५ च्या सुधारणेत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीचा भागही जोडला गेला. लगेच ‘आता याला अधिकृत मान्यता मिळाली’ असं लोक म्हणू लागले. ते खरं नाही. हे क्रमांक नोंदी ठेवण्यासाठी आहेत: किती रुग्णांना कुठलं निदान दिलं जातं हे मोजता यावं म्हणून. उपचार गुणकारी आहे असा निवाडा त्यात नाही.

तक्ता हा या विचाराचा सगळ्यात कच्चा भाग आहे. खरा ऐवज वागणुकीच्या साध्या सूचनांत आहे: कोणत्या ऋतूत कधी झोपावं, किती हिंडावं, कधी मोकळं व्हावं आणि कधी राखून ठेवावं.

## मूळ ग्रंथात काय आहे

‘हुआंगदी नेइजिंग’ हा चिनी वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ. तो एकाने, एका बैठकीत लिहिलेला नाही. त्यातला बराच मजकूर इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतला मानतात. त्याच्या ‘सुवेन’ या भागाचं दुसरं प्रकरण ऋतू आणि मन यांवरच आहे.

वसंतात उशिरा झोपा, लवकर उठा, अंगणात लांब पावलं टाकत फिरा, केस मोकळे सोडा, अंग सैल ठेवा. मनात जे उगवू पाहतंय ते उगवू द्या. या दिवसांत द्यावं, हिसकावू नये. शाबासकी द्यावी, शिक्षा करू नये. उन्हाळ्यातही उशिरा झोपून लवकर उठा, उन्हाला आणि लांबलेल्या दिवसाला वैतागू नका, मनात राग धरू नका. शरदात लवकर झोपा आणि कोंबड्याबरोबर उठा. बाहेर पसरलेलं मन आवरतं घ्या. हिवाळ्यात लवकर झोपा, उशिरा उठा, ऊन पडेपर्यंत थांबा. बेत मनातच ठेवा, जणू हवं ते आधीच हाती आलंय. ऊब धरा, घाम गाळू नका.

यानंतरचं वाक्य तक्ता बनवणारे हमखास गाळतात. ऋतूच्या उलट वागलात तर त्रास त्या ऋतूत होत नाही, पुढच्या ऋतूत होतो. वसंतात चुकलात तर यकृत दुखावतं आणि उन्हाळ्यात थंडीचे विकार होतात. उन्हाळ्यातली चूक शरदात थंडीतापाच्या रूपाने येते, शरदातली हिवाळ्यात जुलाब होऊन, हिवाळ्यातली वसंतात हातापायांतलं बळ जाऊन. हे आजार असेच होतात असं आज कुणी डॉक्टर म्हणणार नाही. पण त्यामागचा हिशेब तीन महिन्यांचा आहे, हे ध्यानात घ्यावं. आज चहा प्यायला आणि उद्या राग गेला, असं त्या ग्रंथात कुठेच नाही. प्रकरणाचा शेवट तर थेट आपल्या ओळखीचा आहे: आजार झाल्यावर औषध देणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

## भावनेला दिशा कशी असते

इथे एक शब्द समजून घ्यावाच लागतो: चि. शरीरात फिरणारी आणि शरीराकडून काम करवून घेणारी शक्ती, अशी ही कल्पना आहे. ती कुठल्याही यंत्राने मोजता येत नाही. जुन्या वैद्यांनी दिसणाऱ्या बदलांवरून ती मांडली.

‘सुवेन’च्या एकोणचाळिसाव्या प्रकरणात प्रत्येक भावना चि ला कुठे नेते ते सांगितलंय. राग तिला वर चढवतो. आनंद सैल करतो. शोक विरवून टाकतो. भीती खाली ओढते, अचानक बसलेला धक्का ती विस्कटतो, आणि अतिविचार तिची गाठ बांधतो. चि ही कल्पना बाजूला ठेवली तरी निरीक्षण पक्कं आहे. संतापलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. घाबरलेल्याच्या पायांतलं बळ जातं, कधी कपडे ओले होतात. रात्रंदिवस एकाच गोष्टीचा विचार करणाऱ्याची भूक मरते.

या मांडणीत यकृताचं काम कालव्यावरच्या पाटकऱ्याचं आहे. पाटकरी पाणी तयार करत नाही. कुणाच्या रानाला कधी पाळी, कुठलं दार उघडायचं आणि कुठलं लावायचं, एवढंच पाहतो. दार वेळेवर उघडलं नाही की मागे पाणी तुंबतं, बांध फुटतो आणि पुढचं रान मात्र कोरडंच राहतं. चिनी वैद्य ‘यकृतातला अवरोध’ म्हणतो त्याची लक्षणंही याच क्रमाने येतात. बरगड्यांखाली दाटल्यासारखं वाटतं, सारखे उसासे येतात, पाळीच्या आधी चिडचिड होते, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मग एखाद्या क्षुल्लक कारणावरून भडका आणि त्यानंतर दिवसभर गळून गेल्यासारखं. म्हणून उपचाराचा रोख राग दाबण्यावर नसतो, वाट मोकळी करण्यावर असतो. बांध उंच करून पाणी वाहायला लागत नाही.

ऋतूंनाही अशाच दिशा आहेत. वसंत वर आणि बाहेर, उन्हाळा चहूकडे, शरद आत, हिवाळा खोल. वसंताची आणि रागाची दिशा एकच, म्हणून वसंतात चालायला, अंग ताणायला, मोकळं बोलायला सांगितलंय. शरद आत ओढणारा, म्हणून त्यात दुःख जड होतं असं मानतात. नवव्या चांद्रमासाच्या नवव्या दिवशी, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, चीनमध्ये लोक मुद्दाम डोंगर चढायला जातात, शेवंतीची फुलं पाहतात. एकट्याने घरात बसायच्या दिवसांत माणसांना घराबाहेर, उंचावर आणि चार जणांत नेणारा हा सण आहे.

## मग यकृताची तपासणी करायची का?

नाही. इथलं ‘यकृत’ हे कामांच्या एका जुडग्याला दिलेलं नाव आहे. पोटात उजव्या बाजूला असलेल्या, पित्त तयार करणाऱ्या अवयवाशी ते अंशतःच जुळतं. फार राग येतो म्हणून एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल, असं मानायला आधार नाही. उलट एसजीपीटी वाढलेलं असेल तर ‘राग सोडा’ हा उपचार नव्हे. काविळीचे विषाणू, दारू, यकृतातली चरबी, औषधांचे दुष्परिणाम अशी कारणं शोधावी लागतात.

तक्ता किती ओढूनताणून बसवलाय ते एका हिशेबात दिसतं. तत्त्वं पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. अवयव पाच, भावना पाच. ऋतू मात्र चार. मग माती आणि तिच्याशी जोडलेल्या प्लीहेला जागा कुठे? एका ठिकाणी तिला उन्हाळ्याचा शेवटचा दमट काळ दिला. दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक ऋतूच्या अखेरचे १८ दिवस. या दुसऱ्या पद्धतीत चार ऋतूंचे प्रत्येकी ७२ दिवस म्हणजे २८८, आणि मातीचे चार वेळा १८ म्हणजे ७२. बेरीज ३६०. वर्ष सुबक पाच भागांत वाटलं गेलं. आकडा जमवण्यासाठी केलेली ही मांडणी आहे, शरीर उघडून पाहिल्यावर सापडलेली गोष्ट नाही. भावनांची यादीसुद्धा पाचवर थांबली नाही. ११७४ मध्ये चेन यान या वैद्याने रोगकारणांचं वर्गीकरण करताना आतल्या कारणांत सात भावना धरल्या, आणि पुढे ‘सात भावना’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला.

## ऋतू कधी सुरू होतो?

चिनी परंपरेत सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २४ भाग करतात, प्रत्येक १५ अंशांचा. २०१६ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. त्यानुसार वसंत ४ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, उन्हाळा ५-६ मे, शरद ७-८ ऑगस्ट आणि हिवाळा ७-८ नोव्हेंबरला. संपात (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) आणि अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस) हे ऋतूंच्या आरंभी येत नाहीत, बरोबर मध्ये येतात.

आपल्या संक्रांतींचा पायाही सूर्याचं स्थान हाच आहे, फक्त मोजणी ताऱ्यांच्या संदर्भाने होते. त्यामुळे दोन्ही हिशेबांत आता सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय. चिनी पंचांगातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला.

आणि हे वेळापत्रक पीत नदीच्या खोऱ्यातलं आहे. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंत कोरडा आणि वाऱ्याचा असतो. खुद्द चीनमध्येसुद्धा दमट, उष्ण ग्वांगझूचे लोक ते जसंच्या तसं पाळत नाहीत. तिथे वर्षभर कडू, थंड गुणाचे काढे पिण्याची स्वतंत्र रीत आहे. महाराष्ट्रात तर वर्षाचे चार महिने पावसाचे. ‘उन्हाळ्यात उन्हाला कंटाळू नका’ ही सूचना मे महिन्यात विदर्भात पाळली तर उष्माघात व्हायचा. तारखा उचलू नका. प्रकाश, ऊब आणि झोप यांच्याकडे पाहण्याची रीत तेवढी घ्या.

## प्रत्यक्षात काय करतात

सगळ्यांत जास्त केला जाणारा व्यायाम म्हणजे बादुआनजिन, आठ हालचालींचा संच. सोंग राजघराण्याच्या काळापासून (दहावं ते तेरावं शतक) त्याचे उल्लेख मिळतात. अशा व्यायामांची परंपरा त्याहूनही जुनी. हुनान प्रांतातल्या मावांगदुईच्या थडग्यात, जे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालं, एका रेशमी पटावर व्यायाम करणारी ४४ माणसं रंगवलेली सापडली. आजचा प्रमाण संच १२ ते १५ मिनिटांत होतो.

पहिली हालचाल: पाय खांद्यांइतके लांब ठेवून उभं राहा, गुडघे किंचित सैल. बोटं एकमेकांत गुंफून हात पोटापासून छातीपर्यंत आणा, तळवे उलटे करा आणि आकाश उचलून धरल्यासारखे वर ढकला. दोन सेकंद थांबा, हात बाजूंनी सावकाश खाली आणा. सहा वेळा. यात हमखास होणारी चूक म्हणजे खांदे कानांपर्यंत चढवणं आणि श्वास रोखून धरणं. त्यामुळे मान आखडते आणि ज्या ताणासाठी हा व्यायाम करायचा तोच वाढतो. वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर. जमत नसेल तर श्वासाकडे लक्षच देऊ नका, तो आपोआप बसतो.

सातव्या हालचालीत घोड्यावर बसल्यासारखं वाकून, डोळे वटारून, मुठी आळीपाळीने पुढे टाकायच्या असतात. ही यकृताशी, म्हणजे रागाशी जोडलेली. गुडघे पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी वाटीखाली दुखतं. आठव्या हालचालीत टाचा उचलून क्षणभर थांबायचं आणि हलका ठोका देत टेकवायच्या, सात वेळा. दाणकन आपटायचं नाही. हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याचा त्रास असेल तर ही हालचाल सोडा. पाचव्या आणि सहाव्या हालचालींत डोकं खाली जातं, म्हणून काचबिंदू, न आवरलेला रक्तदाब किंवा चक्कर असणाऱ्यांनी कमरेपर्यंतच वाकावं.

शरदासाठी नासपती वाफवतात. वरची टोपी कापून गाभा काढायचा, आत १० ते १५ ग्रॅम खडीसाखर, टोपी परत ठेवून वाटीत अर्धा तास वाफवायचं आणि सुटलेल्या रसासकट गरम खायचं. घसा ओलावतो, कोरडा खोकला थोडा शमतो. दुःख जात नाही. पोट बिघडलेलं असेल तर नको, कारण नासपतीतली साखर जुलाब वाढवते. मधुमेहींनी खडीसाखर वगळावी.

हिवाळ्यात झोपण्याआधी गरम पाण्यात पाय बुडवायची रीत चीनमध्ये घरोघरी आहे. पाणी घोट्यांच्या वर, साधारण ४० अंश सेल्सिअस, वेळ १५ ते २० मिनिटं; कपाळावर ओल जाणवली की थांबायचं. घाम निथळेपर्यंत बसणं ही चूक, आणि ‘घाम गाळू नका’ या मूळ सूचनेच्याही विरुद्ध. याने झोप लवकर लागण्याचं कारण साधं आहे: पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्वचेतून उष्णता बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि झोपेला वाट मिळते. पण मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाणी पोळतंय हे कळत नाही. अशा वेळी पाणी दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावं. पायांवर जखम असेल तर हा प्रकार करूच नये.

## घाबरलेल्या बाईची गोष्ट

भावनेवर भावनेचा उतारा, हा या वैद्यकाचा सर्वांत धीट भाग. शोक रागाला आवरतो, राग अतिविचाराची गाठ सोडवतो, विचार भीतीला आवरतो, असं ‘सुवेन’ सांगतं. बाराव्या-तेराव्या शतकात झांग त्सोंगजेंग या वैद्याने ते वापरून पाहिलं आणि नोंदी ठेवल्या.

एक बाई प्रवासात सराईत वरच्या मजल्यावर झोपली होती. रात्री दरोडेखोर आले, आग लागली, ती धसकून पलंगावरून खाली पडली. त्यानंतर कसलाही आवाज झाला की ती बेशुद्ध पडायची. घरची माणसं पाय न वाजवता चालायची. वर्षभर औषधं झाली, उपयोग शून्य. झांगने तिला उंच खुर्चीवर बसवलं, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले आणि समोर एक ठेंगणं मेज ठेवलं. ‘इकडे बघा’ म्हणून त्याने लाकडाने मेजावर जोरात ठोका दिला. ती दचकली. तो म्हणाला, मी लाकडाने मेज वाजवलं, यात घाबरण्यासारखं काय आहे? ती थोडी सावरल्यावर पुन्हा ठोका. मग आणखी. दचकणं कमी होत गेलं. पुढे काठीने दार वाजवलं, मग तिला न सांगता मागची खिडकी खरवडायला लावली. शेवटी ती हसली आणि विचारलं, हा कसला उपचार? त्याचं म्हणणं होतं की जे रोजचं होतं त्याची भीती उरत नाही. त्या रात्री तिच्या दारं-खिडक्यांवर पहाटेपर्यंत ठोके चालू ठेवले. काही दिवसांत ढगांच्या गडगडाटानेही ती दचकेना.

भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने, सुरक्षित जागी सामोरं जाण्याची पद्धत मानसोपचारात आज पक्की रुळलेली आहे. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी ती १९५८ मध्ये पद्धतशीर मांडली. झांगचं यश यकृत-मूत्रपिंडाच्या तक्त्यामुळे आलं असं वाटत नाही. क्रम, पुनरावृत्ती आणि हात धरून बसलेली माणसं यांमुळे आलं. घरी कुणावर हा प्रयोग करू नका. पायऱ्या चुकल्या, एकदम मोठा आवाज केला, तर भीती घट्ट बसते.

## ‘नैसर्गिक’ औषधांचं काय?

इथे हात आखडता घ्यावा. रडू आवरत नसलेल्या, अस्वस्थ स्त्रियांसाठी झांग जोंगजिंग (वरच्या गोष्टीतल्या झांगहून वेगळा, त्याच्याआधीचा वैद्य) याने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी दिलेला काढा अगदी साधा आहे: ज्येष्ठमध, गहू आणि चिनी लाल बोरं, आणि कृतीत बोरांचा आकडा दहा. तिन्ही वस्तूंचे सगेसोयरे आपल्या स्वयंपाकघरात आणि बाजारात आहेत, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका दुप्पट जपण्यासारखा. हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

याहून गंभीर प्रकार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये घडला. वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाने जवळची दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी आली. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे अनेकांना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. या कुळातलं आम्ल माणसात कर्करोग घडवतं हे आता निश्चित झालंय. आपल्याकडची ईश्वरी, म्हणजे सापसन, याच कुळातली. पुडीवर नाव काय लिहिलंय यापेक्षा आत कोणती वनस्पती आहे हे महत्त्वाचं, आणि ऑनलाइन मागवलेल्या पुडीत ते आपल्याला कळायला मार्ग नसतो.

## पण पुरावा काय?

वेगवेगळ्या भागांना वेगवेगळं उत्तर आहे. बादुआनजिन, ताई-ची यांसारख्या संथ व्यायामांनी चिंता, उदासी आणि झोप यांत थोडीफार सुधारणा होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पण आपण कोणता व्यायाम करतोय हे करणाऱ्याला माहीत असतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. आणि अनेक अभ्यास लहान, ढिसाळ आहेत. अमुक अवयव म्हणजे अमुक भावना, याला पुरावा नाही. ‘चिनी संशोधक यू-यू तू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं की!’ असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं की त्यांनी चौथ्या शतकातल्या कृतीतून धागा घेतला, पण हिवतापावरचं आर्टेमिसिनिन वेगळं काढून, प्राण्यांवर आणि माणसांवर तपासून सिद्ध केलं. त्या कामात ऋतू-अवयवांच्या तक्त्याला काही भूमिका नव्हती.

मनाचा त्रास शरीराच्या भाषेत सांगण्याचे तोटेही आहेत. १९८० मध्ये चीनमधल्या चांग्शा शहरात आर्थर क्लाइनमन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी ‘मज्जातंतूंचा थकवा’ असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. डोकेदुखी, चक्कर, झोप न येणं अशा तक्रारी घेऊन ते आले होते. त्यांतल्या ८७ जणांना नैराश्याचा गंभीर आजार होता.

## आयुर्वेदातही हेच आहे ना?

ऋतुचर्या आहे, पण ‘हेच’ नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात सहा ऋतू आहेत, त्यांत वर्षा आहे, आणि भर आहार, अग्नी (म्हणजे पचनशक्ती) आणि दोषांवर आहे. हेमंतात जड, स्निग्ध खाण्याचा सल्ला चिनी हिवाळ्याशी जुळतो. पण भावना ऋतूंना वाटून दिलेल्या नाहीत. उलट सातव्या अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग आवरावेत असं सांगितलंय. चिनी सल्ला वाट काढून द्यायचा, चरकाचा सल्ला वेळीच धरून ठेवायचा. चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायात मात्र दोन्ही परंपरा अचानक शेजारी येतात: काम, शोक, भय, क्रोध, हर्ष यांपासून झालेला उन्माद परस्परविरोधी भावनांनीच शमवावा, असं तिथे म्हटलंय.

## हिवाळ्यात उशिरा उठायचं की नाही?

टोरांटो, लंडन, स्टॉकहोमला राहणाऱ्या मराठी माणसांसाठी हा प्रश्न खरा आहे. हिवाळ्यात तिथे दिवस इतका आखडतो की काहींना दरवर्षी ठरावीक महिन्यांत नैराश्य येतं. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं. जास्त झोप आणि गोडाची ओढ ही त्याची लक्षणंच आहेत. अशा माणसाने ‘हिवाळ्यात उशिरा उठा’ हे पाळलं तर तो अंथरुणातून बाहेरच येत नाही. त्याला ठरलेल्या वेळी उठणं आणि सकाळचा उजेड हवा असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसणं हा सर्वाधिक वापरला जाणारा उपाय आहे. त्या जुन्या वाक्यातलं ‘ऊन पडेपर्यंत थांबा’ हे अर्धं घ्या: ऊन पडलं की मात्र बाहेर पडा, ढगाळ असलं तरी. द्विध्रुवी (बायपोलर), म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी नैराश्य असा आजार असेल, तर दिवा स्वतःहून लावू नका. त्याने उत्साहाचा झटका येऊ शकतो.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, खाणंपिणं आणि काम सुटलं, किंवा जगू नये असं वाटू लागलं, तर कुठल्याही ऋतूची वाट पाहू नका. भारतात टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या चिनी किंवा आयुर्वेदिक औषध सुरू केलं म्हणून परस्पर बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या प्रत्येक काढ्याची, पुडीची आणि चहाची यादी कागदावर लिहून न्या, आणि शक्य असेल तर पाकिटंच सोबत घेऊन जा.